'इमर्जिंग पॅथोजेन' म्हणजे 'नवा जंतू' का?

प्रश्न असा आला आहे : संसर्गजन्य रोगांवरच्या संशोधनाबद्दल लिहिताना 'इमर्जिंग पॅथोजेन'ला 'नवा जंतू' म्हणावे की 'उदयोन्मुख रोगजनक'?

मला दोन्ही पटत नाहीत. 'नवा' हा शब्द तर सरळ चुकीची माहिती देतो. झिका विषाणू १९४७ साली युगांडातल्या झिका जंगलात एका माकडाच्या रक्तात सापडला. पुढे कित्येक वर्षे त्याची फारशी दखल कुणी घेतली नाही, आणि २०१५मध्ये ब्राझीलमध्ये त्याने थैमान घातले. संशोधक त्याला 'इमर्जिंग' म्हणतात ते तो नवा आहे म्हणून नव्हे, तर नव्या प्रदेशात झपाट्याने पसरला म्हणून. निपाह विषाणूचे वेगळे. १९९८मध्ये मलेशियात डुकरांमार्फत तो माणसांत आला तेव्हा विज्ञानाला तो अनोळखी होता, पण फळे खाणाऱ्या वटवाघळांत आधीपासून नांदत होता. म्हणजे प्रदेश बदलणे, यजमान प्राणी बदलणे, औषधांना दाद न देणे, यांपैकी काहीही घडले तरी हे विशेषण लागू होते. 'उदयोन्मुख' अर्थाने जवळचा खरा, पण मराठीत उदयोन्मुख म्हटले की कवी किंवा खेळाडू डोळ्यांपुढे येतो. त्यात कौतुक आहे. मी 'नव्याने फोफावणारा' असे लिहीन. आटोक्यात आलेला रोग परतला, तर 'पुन्हा डोके वर काढणारा'.

आता 'जंतू'. बोलण्यात चालतो, पण जिथे कृती सांगायची असते तिथे घोटाळा करतो. ०.२२ मायक्रोमीटर छिद्रांच्या गाळणीने 'जंतू अडतात' असे लिहिले, तर वाचणारा विषाणूही अडले असे धरून चालतो. प्रत्यक्षात ती गाळणी जिवाणूंसाठी असते. झिकाचा कण साधारण ०.०५ मायक्रोमीटरचा, तो आरपार जातो. दुसऱ्या टोकाला प्रिऑन : रोग घडवणारे निव्वळ प्रथिन, त्यात जनुकेच नाहीत. उपकरणे निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेच्या यंत्रात) १२१ अंश सेल्सिअसला १५ मिनिटे ठेवण्याचा नेहमीचा प्रघात त्याला पुरत नाही. त्यासाठी १ नॉर्मल तीव्रतेच्या सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात तासभर बुडवणे यांसारखे कडक उपाय लागतात. अशा वस्तूला जंतू कसे म्हणणार?

म्हणून सर्वसमावेशक शब्द हवा असेल तिथे 'रोगकारक'. 'रोगजनक' अर्थाने चूक नाही, पण तो विशेषण म्हणून जास्त रुळला आहे : रोगजनक जिवाणू, रोगजनक बुरशी. 'रोगकारक' नामासारखा सहज चालतो. एकवचन-अनेकवचन सारखेच, विभक्तीत रोगकारकाचा, रोगकारकांचा. मात्र नेमका प्रकार ठाऊक असेल तर मोघम शब्दाआड लपू नये. कँडिडा ऑरिस ही बुरशी आहे, जपानमध्ये २००९ साली कानातल्या नमुन्यावरून तिचे वर्णन झाले; तिला 'विषाणू' लिहिले की उपचारच चुकीचे सुचतात, कारण तिथे बुरशीरोधक औषधे लागतात.

याच ओघात 'सापडला' या क्रियापदाकडेही बघा. सांडपाण्याच्या नमुन्यात पीसीआर चाचणी पॉझिटिव्ह आली, तर 'विषाणू सापडला' असे नव्हे, 'विषाणूचा आरएनए (त्याचे जनुकीय साहित्य) सापडला' असे लिहावे. पीसीआर जनुकीय साहित्याचा छोटा तुकडा ओळखते. संसर्गक्षम विषाणू आहे की नाही, हे तो पेशींमध्ये वाढवून पाहिल्यावरच कळते.