गेम बनवायला शिकायचंय? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे आणि गेम डिझाइनच शिकायचं म्हणून अडून बसली आहे. आम्ही म्हणतो कॉम्प्युटर इंजिनिअरिंग कर, ती म्हणते त्यात गेमचं काहीच नसतं. एका खासगी संस्थेत दीड वर्षाचा डिप्लोमा आहे, फी भरमसाट. काय करावं? (पालक, कसबा बावडा)

आधी तिला विचारा, गेममधलं नेमकं कोणतं काम करायचं आहे. बाहेरचे लोक ज्याला सरसकट ‘गेम डिझाइन’ म्हणतात, त्यात किमान तीन वेगळी कामं असतात. डिझायनर नियम ठरवतो : उडी किती उंच, किल्ली कुठे सापडणार, हरल्यावर किती मागे जावं लागणार. त्याच्यासमोर चित्रापेक्षा एक्सेलचा तक्ताच जास्त वेळ उघडा असतो. हे नियम कोडमध्ये उतरवणारा प्रोग्रामर वेगळा, आणि पात्रं, जागा, हालचाली घडवणारा आर्टिस्ट वेगळा.

प्रोग्रामिंगकडे ओढा असेल तर तुमचं म्हणणं बरोबर आहे. एमएचटी-सीईटी देऊन कोल्हापुरातच कॉम्प्युटरची पदवी करता येते. विषयपत्रिकेत ‘गेम’ हा शब्द दिसणार नाही, एवढं तिचं खरं. पण डेटा स्ट्रक्चर्स, कॉम्प्युटर ग्राफिक्स, सदिश आणि मॅट्रिक्स यांच्यावरच गेम उभा असतो. बारावीतला डॉट प्रॉडक्टच घ्या. पहारेकऱ्याला समोरचा ९० अंशांचा पट्टा दिसतो असं ठरवलं, तर त्याच्या नजरेची दिशा आणि खेळाडूकडची दिशा यांचा (दोन्ही सदिश एकक लांबीचे करून) डॉट प्रॉडक्ट ०.७०७ पेक्षा जास्त आला की खेळाडू त्याच्या नजरेच्या टप्प्यात. कारण निम्मा कोन ४५ अंश, आणि कॉस ४५ म्हणजे ०.७०७. कॉलेज हे गणित शिकवेल. त्याचा गेम करणं मात्र तिचं तिलाच करावं लागेल. एका सत्रात एक छोटा गेम, पण पुरा झालेला.

आर्टिस्ट व्हायचं असेल तर या कलापुरात चित्रकलेचा पाया घालायला कलानिकेतन आहे, दळवीज आहे. शरीररचना आणि छायाप्रकाश कागदावर जमले की ब्लेंडर हे फुकट मिळणारं थ्रीडी सॉफ्टवेअर घरी शिकता येतं. उलट्या क्रमाने शिकलेल्यांची पात्रं बाहुल्यांसारखी ताठ दिसतात.

डिझाइनच हवं असेल तर यूसीड, म्हणजे डिझाइनच्या पदवीची प्रवेश परीक्षा. ही परीक्षा आयआयटी मुंबई घेते, ती जानेवारीत असते, बारावीची कोणतीही शाखा चालते आणि लागोपाठच्या दोनच वर्षांत देता येते. एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेचा डिजिटल गेम डिझाइन अभ्यासक्रम एम.डेस.चा आहे, म्हणजे पदवीनंतरचा. बारावीनंतर त्यात थेट प्रवेश नाही.

डिप्लोमाचे पैसे भरण्याआधी संस्थेत जाऊन तीन गोष्टी मागा. प्रमाणपत्रावर कोणत्या विद्यापीठाचं नाव असेल आणि ते यूजीसीच्या यादीत आहे का, ते पाहा. आठवड्याचं छापील वेळापत्रक मागा आणि त्यात प्रोग्रामिंगचे तास मोजा. मागच्या तुकडीने केलेले गेम स्वतः खेळायला मागा. चकचकीत व्हिडिओ दाखवून भागवायला लागले तर चहा घ्या आणि उठा.

प्रश्न : सरकारने गेमिंगवर बंदी आणली ना? मग शिकून नोकरी कुठे? (वाचक, गडहिंग्लज)

बंदी पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये झालेल्या केंद्राच्या कायद्याने असे गेम, त्यांच्या जाहिराती आणि त्यांचे आर्थिक व्यवहार बंद केले. ‘हा नशिबाचा नाही, कौशल्याचा खेळ आहे’ ही पळवाटही त्यात ठेवलेली नाही. ई-स्पोर्ट्सना आणि पैज नसलेल्या गेमना मात्र त्याच कायद्यात मान्यता आहे. रमीवाल्या कंपन्यांतल्या जागा गेल्या, स्टुडिओतल्या राहिल्या. कोल्हापूरकराला सर्वांत जवळचे स्टुडिओ पुण्यात. यूबीसॉफ्टचा स्टुडिओ तिथे आहे, आणि २०२० मध्ये आलेला ‘राजी’ हा गेमही पुण्याच्याच छोट्या चमूचा. नोकरीसाठी मार्कांच्या आधी ब्राउझरमध्ये लगेच खेळता येईल अशी लिंक बघतात. तीन पुरे केलेले गेम दाखवा, दहा अर्धवट नकोत.

प्रश्न : लॅपटॉप कोणता घेऊ आणि इंजिन कोणतं? (विद्यार्थी, राजारामपुरी)

इंजिन, म्हणजे गेम ज्यात बांधतात ते सॉफ्टवेअर, आधी ठरवा. गोडो जुन्या, ८ जीबी रॅमच्या मशीनवरही चालतं आणि पूर्ण मोफत आहे. युनिटीला १६ जीबी रॅम आणि एसएसडी धरून चाला. अनरीलसाठी ३२ जीबी रॅम आणि ८ जीबीचं ग्राफिक्स कार्ड असेल तरच काम सुखाने होतं. सी शार्प ही प्रोग्रामिंगची भाषा शिकून मोबाइल गेमकडे जायचं तर युनिटी, सी प्लस प्लस आणि मोठ्या स्टुडिओचा विचार असेल तर अनरील. पहिल्या वर्षाला गोडोही भरपूर झालं.

दुकानात एक गोष्ट हमखास सांगत नाहीत : कार्डाचं नाव एकच असलं तरी वॅट वेगळे असतात. आरटीएक्स ४०५० हेच कार्ड ३५ वॅटचंही येतं आणि ११५ वॅटचंही. सडपातळ लॅपटॉपमधलं बहुधा कमी वॅटचं, म्हणजे संथ. आणि रॅम नंतर वाढवता येईल का, हे विचारूनच पैसे द्या. काही मॉडेलमध्ये ती बोर्डावरच डकवलेली असते.

प्रश्न : युनिटीत कुस्तीचा थ्रीडी गेम करतोय. माझ्या लॅपटॉपवर पैलवान नीट चालतो, मित्राच्या १४४ हर्ट्झच्या स्क्रीनवर सुसाट पळतो. शिवाय जोरात ढकलला की हौद्याच्या (आखाड्याच्या) भिंतीतून आरपार जातो. (विद्यार्थी, उत्तरेश्वर पेठ)

दोन वेगळे दोष आहेत. पहिला असा : तुमचा पैलवान प्रत्येक फ्रेमला (पडद्यावर उमटणाऱ्या एकेका चित्राला) ठरावीक अंतर सरकतोय. समजा ०.१ मीटर. सेकंदाला ६० फ्रेम असतील तर वेग ६ मीटर, १४४ असतील तर १४.४ मीटर. वेग सेकंदाच्या हिशेबात लिहा (६) आणि त्याला डेल्टा टाइमने गुणा. डेल्टा टाइम म्हणजे मागच्या फ्रेमला लागलेला वेळ. ६० फ्रेमला तो साधारण ०.०१६७ सेकंद भरतो. मात्र माउसच्या हालचालीला डेल्टा टाइमने गुणू नका. माउस त्या फ्रेमपुरतं अंतर आधीच देतो. गुणलंत तर तोच दोष मागच्या दाराने परत येतो.

दुसरा दोष भिंतीचा. युनिटीचं भौतिकशास्त्र दर ०.०२ सेकंदाला एकदा हिशेब करतं. ढकललेल्या पैलवानाचा वेग ४० मीटर असेल तर एका हिशेबात तो ०.८ मीटर पुढे जातो. पैलवानाची जाडी ०.५ आणि भिंत ०.२, मिळून ०.७. म्हणजे एका हिशेबाला तो भिंतीच्या अलीकडे आणि पुढच्या हिशेबाला पलीकडे, मधली टक्कर झालीच नाही. रिजिडबॉडी या वस्तूला भौतिकशास्त्र लावणाऱ्या घटकातलं कलिजन डिटेक्शन (टक्कर तपासणं) ‘डिस्क्रीट’वरून ‘कंटिन्युअस’वर न्या आणि भिंतीचा कोलायडर, म्हणजे टकरीसाठीचा अदृश्य आकार, बाहेरच्या बाजूने एक मीटर जाड करा. दिसणारी भिंत पातळच राहू द्या. पण खरा उपाय वेगाला लगाम घालणं. सेकंदाला ४० मीटर म्हणजे ताशी १४४ किलोमीटर, खासबागेच्या कुस्ती मैदानात एवढ्या वेगाने कोणी कुणाला फेकलेलं नाही.

हे सगळं करूनही पैलवान आरपार जात असेल तर तुम्ही त्याला ट्रान्सफॉर्ममध्ये नोंदलेली जागा थेट बदलून हलवताय. ते चालणं नव्हे, उचलून ठेवणं. त्यात टक्कर तपासलीच जात नाही. बल लावायचं ते फिक्स्डअपडेटमध्ये (भौतिकशास्त्राच्या दर हिशेबाला चालणारा कोड), पण कळ दाबली का हे अपडेटमध्येच (दर फ्रेमला चालणारा कोड) तपासा. नाहीतर वेगवान मशीनवर ढाकेची कळ दाबूनही डाव लागणार नाही, कारण ‘आत्ताच दाबली’ ही खूण एकाच फ्रेमपुरती असते आणि फिक्स्डअपडेट प्रत्येक फ्रेमला चालत नाही.

प्रश्न : गेममध्ये मराठी मजकूर टाकला की ‘किल्ला’मधली वेलांटी ‘क’च्या नंतर येते आणि जोडाक्षर फुटतं. फाँट बदलून पाहिला, तेच. (विद्यार्थिनी, इचलकरंजी)

फाँट बिचारा निर्दोष आहे. युनिकोडमध्ये ‘कि’ हे आधी ‘क’, मग ऱ्हस्व वेलांटी असं साठवलेलं असतं. वेलांटी पुढे आणणं आणि ‘ल्ल’ जोडणं हे शेपिंगचं काम, आणि युनिटीत मजकूर दाखवणारा टेक्स्टमेशप्रो ते करत नाही. गोडो ४ आणि अनरील हे काम हार्फबझ या शेपिंगच्या सॉफ्टवेअरकडून करून घेतात, तिथे हा त्रास नाही. युनिटी ६ वापरत असाल तर यूआय टूलकिटमधला अ‍ॅडव्हान्स्ड टेक्स्ट जनरेटर चालू करून बघा.

काहीजण डीटीपीतल्या श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये मजकूर बदलून घेतात. पडद्यावर तो नीट दिसतो, पण खेळाडूने नाव टाइप केलं की सगळं कोसळतं. आणि संवाद एकेक अक्षराने उमटवत असाल तर कोड पॉइंट (युनिकोडमधले सुटे तुकडे) मोजू नका, पूर्ण अक्षर मोजा. नाहीतर ‘कि’ उमटताना आधी ‘क’ दिसतो आणि मग तो टुणकन बाजूला सरकतो.

प्रश्न : चौघांचा अंतिम वर्षाचा प्रोजेक्ट आहे. पेनड्राइव्हवरून फाइली फिरवतो, दोनदा काम पुसलं गेलं. गिट हे फाइलींच्या आवृत्त्या जपणारं साधन वापरायचा प्रयत्न केला, अपलोडच होत नाही. (विद्यार्थी, कळंबा)

बहुतेक तुम्ही युनिटीचा ‘लायब्ररी’ फोल्डरही चढवताय. तो काही जीबींचा असतो आणि युनिटी तो पुन्हा तयार करते. पहिल्या कमिटच्या (गिटमधल्या नोंदीच्या) आधीच गिटइग्नोर या वगळायच्या गोष्टींच्या फाइलमध्ये लायब्ररी, टेम्प, ऑब्ज, लॉग्ज आणि बिल्ड हे फोल्डर घाला. ‘मेटा’ फाइली मात्र वगळू नका. प्रत्येक वस्तूची ओळख त्यात असते, त्या नसल्या तर दुसऱ्याच्या मशीनवर सगळे दुवे तुटतात. गिट प्रोजेक्ट ऑनलाइन ठेवायची गिटहब ही साइट १०० एमबीपेक्षा मोठी फाइल घेत नाही. पोत (टेक्स्चर) आणि आवाज यांच्यासाठी सुरुवातीपासूनच एलएफएस ही गिटची मोठ्या फाइलींची सोय लावा. मोठी फाइल एकदा कमिट झाली की नंतर नुसती पुसून भागत नाही, ती इतिहासात राहते आणि अपलोड अडवत राहते.

सीनची (गेममधल्या एका दृश्याची) फाइल दोघांनी एकाच वेळी बदलली की ती जुळवणं जवळजवळ अशक्य. एका सीनला एक मालक ठेवा. पात्र, मैदान, गुणफलक यांचे वेगवेगळे प्रीफॅब (पुन्हा वापरता येणारे तयार भाग) करा, म्हणजे ज्याचा त्याने सुधारावा.

सादरीकरणाच्या आदल्या दिवशी विंडोज बिल्ड (विंडोजवर चालणारा तयार गेम) लॅबच्या मशीनवर चालवून बघा. नुसती ईएक्सई उचलून नेली तर गेम उघडणार नाही, शेजारचा ‘डेटा’ने संपणारा फोल्डर आणि डीएलएल फाइलीही सोबत हव्यात. पूर्ण फोल्डर झिप करून न्या आणि तिथे आधी एक्स्ट्रॅक्ट करा. झिपच्या आतूनच डबलक्लिक केलं तरी तो चालत नाही.