मराठी सब्जेक्ट फिल्टरला दिसत का नाही?

प्रश्न : सर नमस्कार, पिंपळगाव बसवंतला एका द्राक्ष एक्सपोर्टवाल्यांकडे कॉम्प्युटरचं सगळं मीच बघतो. ऑफिसात डेबियन लिनक्सचा सर्व्हर आहे, त्यावर प्रॉकमेल लावलंय, म्हणजे आलेला मेल नियमाप्रमाणे फोल्डरला टाकणारा प्रोग्राम. सब्जेक्टमध्ये इन्व्हॉइस असलं की मेल बिलांच्या फोल्डरला, रेसिड्यू असलं की लॅब रिपोर्टला, हे मस्त चालतं. पण आमचे बागायतदार मराठीत सब्जेक्ट टाकतात, 'द्राक्ष सॅम्पल' वगैरे, तिथे नियम लागतच नाही. मग मेल उघडून त्यातलं ते इंग्रजी अक्षरांचं गबाळ उचललं आणि नियमात चिकटवलं, तर कधी लागतं कधी नाही. सीझन चालू आहे, मालक डोकं खातायत.

उत्तर : भाऊ, तुमचा नियम बरोबर आहे, फक्त तो जे वाचतोय ते तुम्ही वाचता ते नाही. मेलच्या हेडरमध्ये (सब्जेक्ट, पाठवणारा वगैरे सांगणाऱ्या वरच्या ओळी) पूर्वीपासून साधी इंग्रजी अक्षरंच चालायची, म्हणून मराठी सब्जेक्ट पाठवताना मेल प्रोग्राम तो बहुतेक वेळा बेस-सिक्स्टीफोरमध्ये, म्हणजे साध्या इंग्रजी अक्षर-आकड्या-चिन्हांत गुंडाळतो, वर 'यूटीएफ-८' (युनिकोडची अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) अशी चिठ्ठी लावतो. तुमच्या स्क्रीनवर तो उलगडून दिसतो, प्रॉकमेल मात्र कच्चा मेल बघतं, त्याला 'द्राक्ष' दिसणार कुठून.

आता तुमचा जुगाड कधी का लागतो, हे मला खरं तर फार आवडलं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, आणि बेस-सिक्स्टीफोर ३ बाइट घेऊन ४ अक्षरं करतं, म्हणजे दोघांचं माप जुळतं. 'द्राक्ष' म्हणजे द, हलन्त, र, काना, क, हलन्त, ष अशी ७ चिन्हं, २१ बाइट, २८ अक्षरं, आणि सब्जेक्टची सुरुवातच या शब्दाने असेल तर ती २८ अक्षरं दरवेळी तीच. पण स्पेस १ बाइटची. 'आपले द्राक्ष' लिहिलं की सगळं एक घर सरकलं आणि अक्षरं बदलली, आधी दोन स्पेस आल्या की आणखी वेगळी, तीन आल्या की परत मूळ जागेवर. मध्ये कोणी इंग्रजी आकड्यात २५ लिहिलं की आणखी दोन घरं. शिवाय असा एक गुंडाळलेला तुकडा ७५ अक्षरांच्या पुढे जाऊ शकत नाही, म्हणजे साधारण १५ चिन्हं झाली की नवा तुकडा, मग 'द्राक्ष'चा द्रा इकडे आणि क्ष तिकडे. आणि काही प्रोग्राम बेस-सिक्स्टीफोर वापरतच नाहीत, बरोबर-चिन्ह (=) टाकून प्रत्येक बाइटचा आकडा लिहितात. तेव्हा तो जुगाड सोडा.

प्रॉकमेल ठेवायचंच असेल तर त्याच्यासोबत येणाऱ्या फॉरमेलने सब्जेक्ट बाहेर काढा, छोट्या पर्ल स्क्रिप्टने उलगडा (पर्लच्या एन्कोडमध्ये माइम-हेडर नावाचं डिकोडिंग आहे), एका व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि अटीत व्हेरिएबलचं नाव, मग दोन प्रश्नचिन्हं, मग 'द्राक्ष' असं लिहा. नियमाची फाइल यूटीएफ-८ मध्येच सेव्ह करा.

पण माझं ऐकाल तर सीव्ह (मेलचे नियम लिहायची भाषा) लावा. प्रॉकमेलची ३.२२ आवृत्ती आली २००१ ला आणि ३.२४ निघाली ती थेट २०२२ ला, एवढ्यात किती कुंभमेळे झाले बघा. सीव्हच्या २००८ च्या मानकातच लिहिलंय की हेडर आधी युनिकोडमध्ये उलगडायचा, मग तुलना करायची. तुमचा मेलबॉक्स सर्व्हर डोव्हकॉट असेल तर त्याचं सीव्ह चालवणारं पिजनहोल लावा, मेल डोव्हकॉटच्याच डिलिव्हरीतून जाऊ द्या, आणि मग 'सब्जेक्टमध्ये द्राक्ष असेल तर फाइलइंटू (म्हणजे अमुक फोल्डरला टाक)' हे अगदी सरळ लागतं. एक खोच मात्र इथेही आहे, 'शेतकऱ्यांचे' मधला ऱ कोणाच्या कीबोर्डवर एकच चिन्ह असतो, कोणाच्यात र आणि खाली नुक्ता असा दोन चिन्हांचा, दिसायला सारखेच. मी सरळ 'शेतक' एवढंच शोधतो.

आणि नवे नियम आठ दिवस तरी मेलची कॉपी ठेवूनच चालवा, प्रॉकमेलमध्ये त्यासाठी नियमाच्या ओळीत सी लावायचा. थेट डेव्ह-नलला (लिनक्सच्या तळ नसलेल्या कचरापेटीला) पाठवलेला मेल परत येत नाही राव.

प्रश्न : नाशिकरोडहून लिहितोय. गावी जाताना 'सुट्टीवर आहे' असं ऑटो-रिप्लाय लावलं, समोरच्याचंही तसंच लागलेलं होतं, परत आलो तर मेलबॉक्स भरून वाहत होता. प्रॉकमेलच वापरतो.

उत्तर : दोन ऑटो-रिप्लाय एकमेकांना भेटले की असंच होतं, दोघंही 'आधी तुम्ही' करत बसतात. उत्तर पाठवताना फॉरमेलने त्यात एक्स-लूप नावाचा हेडर घाला, त्यात तुमचाच पत्ता, आणि नियमाच्या वर अट टाका की हा हेडर असेल तर उत्तर द्यायचं नाही. पण समोरचा प्रोग्राम तुमचा हेडर परत पाठवेलच असं नाही, म्हणून फॉरमेलचा मोठा डी (-D) हा पर्याय वापरून ज्या पत्त्याला एकदा उत्तर गेलं त्याची नोंद ठेवा, म्हणजे एकाला एकच जातं. फ्रॉम-डीमन (मशीनने पाठवलेला मेल ओळखणारी प्रॉकमेलची तयार खूण) ची नकारार्थी अटही घाला, मेलिंग लिस्ट आणि बाउन्सला, म्हणजे 'मेल पोचला नाही' अशा निरोपाला, उत्तर जायला नको. गावी निघायच्या आदल्या रात्री स्वतःच्याच दुसऱ्या अकाउंटवरून दोन मेल टाकून बघा, उत्तर एकच आलं पाहिजे.