उंच व्यक्तीसाठी आखूड पेडल कयाक

प्रश्न : माझी उंची ६ फूट ३ इंच आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये मावेल आणि गाडीच्या टपावरून कण्हेर किंवा धोम धरणाच्या जलाशयावर नेता येईल, अशी साधारण १० फुटी पेडल कयाक (पायांनी पेडल मारून चालवायची अरुंद, लहान होडी) मला पुरेल का? – एक वाचक, सातारा

उत्तर : पुरू शकेल, मात्र निर्णय उंचीवरून न करता पायांच्या लांबीवरून करावा. आसनावर बसून पुढचे पेडल पूर्ण दाबले असता गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे, आणि त्याच वेळी दुसरा गुडघा पोटाकडे दाटून येता कामा नये. आखूड कयाकची खरी अडचण इथेच सुरू होते : पायांना जागा मिळावी म्हणून आसन अगदी मागे सरकवले की शरीराचा भार मागे जातो, मागचे टोक पाण्यात दबते, पुढचे उचलले जाते आणि वाऱ्यात कयाक सरळ ठेवणे जिकिरीचे होते. म्हणून पाण्यात बसून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत, असे मी आग्रहाने सांगेन. तसे बसताना दोन्ही टोके जवळपास समपातळीत राहत नसतील, तर पार्किंगची गैरसोय सोसून १२ फुटी कयाक घ्यावी.

पेडलने कयाक पुढे ढकलणाऱ्या यंत्रणा मुख्यतः दोन : पाण्यात फिरणाऱ्या पंख्याची आणि माशाच्या परांसारखी पाती दोन्ही बाजूंना हलवणारी, म्हणजे परांची. पंख्याच्या यंत्रणेत उलटे पेडल मारून मागे येता येते, पण पंखा तळाखाली खोल उतरलेला असतो. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर काठाजवळच्या खडकांवर तो आपटतो. परांची यंत्रणा अशा उथळ पाण्यात तळाला चिकटवून घेता येते, त्यामुळे मला ती अधिक सोयीची वाटते. वल्हे आणि अंगावर लाइफ जॅकेट मात्र दोन्हींत हवेच.