वाचकांचे प्रश्न : मशरूमला सुटणारे पाणी आणि चिवट होणारे चिकन

प्रश्न : मी ठाण्यात राहते. कार्यालयातून घरी पोहोचायला रोज साडेसात वाजतात. आठवड्यातून एकदा चिकन आणि मशरूम एकत्र घालून पोळीबरोबर खाता येईल असे सुके करते. कांदा परतून त्यात दोन्ही एकदम घालते आणि झाकण ठेवते. पण दर वेळी कढईत पाणीच पाणी होते, आणि ते आटेपर्यंत चिकन चिवट होऊन बसते. काय चुकते?

उत्तर : आपण झाकण ठेवता आणि दोन्ही जिन्नस एकदम घालता, या दोनच गोष्टी चुकतात. मशरूममध्ये वजनाच्या सुमारे नव्वद टक्के पाणी असते. म्हणजे २०० ग्रॅमच्या एका पाकिटाबरोबर आपण जवळजवळ वाटीभर पाणीच कढईत ओतत असता, आणि झाकणामुळे ते उडूनही जात नाही. जोवर पाणी आहे तोवर मशरूम उकडतात, परतले जात नाहीत. त्यांचा खमंग तांबूस रंग आणि वास पाणी संपल्यावरच येतो.

दुसरी अडचण अशी की या दोघांचा स्वभाव अगदी उलट आहे. मशरूमच्या पेशींभोवतीचे आवरण कायटिनचे, म्हणजे खेकड्याच्या कवचात जो पदार्थ असतो त्याचेच असते आणि ते उष्णतेने विरघळत नाही. त्यामुळे मशरूम पाच मिनिटे शिजवा किंवा पंचवीस, बटाट्यासारखे त्यांचे पीठ होत नाही. चिकनच्या छातीच्या भागाला मात्र थोडाही जास्त वेळ सोसत नाही. आतले तापमान ७४ अंश सेल्सिअसला पोहोचले की ते खाण्यास सुरक्षित होते, आणि त्यापुढे तंतू आवळत जाऊन अंगचा रस बाहेर टाकतात. म्हणून मशरूमचे पाणी आटण्याची वाट चिकनला पाहायला लावू नये.

चार माणसांसाठी ५०० ग्रॅम बिनहाडाचे चिकन आणि मशरूमचे एक पाकीट घ्या. छातीऐवजी मांडीचा भाग मिळाला तर तो घ्यावा, कारण त्यात चरबी अधिक असल्याने दोन मिनिटांची हयगय तो पोटात घालतो. दोन सेंटिमीटरचे तुकडे करून त्यांना मीठ, हळद, आले-लसूण आणि भरड कुटलेले आठ-दहा मिरी चोळून ठेवा. तेवढ्या वेळात सर्वांत पसरट कढई किंवा लोखंडी तवा चांगला तापवून त्यात चिरलेले मशरूम तेलाशिवाय आणि मिठाशिवाय पसरा. तेल आधी घातले तर मशरूम ते स्पंजासारखे पिऊन टाकतात, आणि मिठाने पाणी लगेच सुटू लागते. मोठ्या आचेवर सात-आठ मिनिटांत पाणी सुटते, आटते आणि तव्यावरचा चरचर आवाज बदलतो. मग चमचाभर तेल घालून कडा तांबूस होईपर्यंत परता, चिमूटभर मीठ घाला आणि ताटलीत काढून ठेवा. त्याच कढईत तेलावर दोन कांदे आणि नंतर चिकन, तेही एका थरात, सहा-सात मिनिटे परता. सर्वांत जाड तुकडा कापून पाहावा. आत गुलाबीपणा नसावा. शेवटच्या एका मिनिटात मशरूम मिसळा, लिंबू पिळा, कोथिंबीर घाला. थोडे ओलसर हवे असेल तर अर्धी वाटी दही चमचाभर बेसन घालून घुसळा आणि मंद आचेवर घाला, म्हणजे ते फुटत नाही.

जाता जाता एक सांगतो, कारण त्यावर घरोघरी वाद होतात : चिकन नळाखाली धुऊ नये. उडणाऱ्या शिंतोड्यांबरोबर जंतू ओट्यावर आणि शेजारच्या कोशिंबिरीपर्यंत पोहोचतात, आणि ते मरतात शिजवल्याने, धुतल्याने नव्हे. मशरूम मात्र झटकन धुऊन लगेच फडक्याने टिपले तर काही बिघडत नाही.

प्रश्न : मी पुण्यात शिकायला आहे. खोलीवर एकच शेगडी आणि एक कुकर आहे. त्यात चिकन-मशरूम भात होईल का?

उत्तर : होईल, आणि तो उत्तम होतो. १९०८ मध्ये इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने समुद्रशेवाळाच्या सारातून ग्लुटामेट, म्हणजे रसाळ चव देणारे द्रव्य, वेगळे करून दाखवले. मशरूममध्ये ते असते, चिकनमध्ये इनोसिनेट हे तसेच दुसरे द्रव्य असते, आणि दोन्ही एकत्र आले की रसाळ चव प्रत्येकाच्या स्वतंत्र चवीपेक्षा कितीतरी वाढते. भाताचा प्रत्येक दाणा ती चव शोषून घेतो. कुकर उघडा ठेवूनच आधी मशरूम वर सांगितल्याप्रमाणे परतून घ्या, मग तेल, तमालपत्र, कांदा आणि हाडासकट चिकनचे लहान तुकडे घाला. दोन वाट्या कोलम तांदळाला एरवी चार वाट्या पाणी लागते. येथे साडेतीन घाला, कारण चिकनलाही पाणी सुटते. मध्यम आचेवर दोन शिट्ट्या करून गॅस बंद करा आणि वाफ आपोआप जिरू द्या. भुकेपोटी झाकण लवकर उघडण्याचा मोह होईल, तो आवरावा.

प्रश्न : सासूबाई शाकाहारी आहेत. एकाच स्वयंपाकात दोघींचे भागेल असे काही सुचवाल का?

उत्तर : मशरूम आधी परतायचे असल्याने हे सोपेच आहे. कांदा, टोमॅटो आणि भाजलेल्या खोबऱ्याचे वाटण एकदाच परता, त्यात मशरूम घाला आणि चिकन स्वयंपाकघरात निघण्यापूर्वी त्यांचा वाटा दुसऱ्या पातेल्यात काढा. चमचे आणि पळी वेगळी ठेवावी, हे सांगायला नकोच. मात्र त्यांना मशरूम चालतात का, हे आधी विचारा. पुष्कळ शाकाहारी घरांत ते वर्ज्य असतात.

प्रश्न : आम्ही गोव्याचे. पावसाळ्यात मिळणारी रानअळंबी चिकनमध्ये घालावी का?

उत्तर : वारुळांवर उगवणाऱ्या त्या अळंबीचा हंगाम छोटा असतो आणि भाव चढा असतो. माझ्या मते तिची शागुती तिची एकटीचीच व्हावी. चिकनच्या मसाल्यात तिचा नाजूक वास हरवतो. रोजच्या जेवणाला बटन मशरूम पुरेत. रानातून अळंबी स्वतः वेचून आणण्याचा विचार असेल, तर ती पिढ्यान्‌पिढ्या ओळखणारे माणूस बरोबर असल्याशिवाय जाऊ नका. चांदीचे नाणे किंवा लसूण काळी पडते का, हे पाहण्याच्या घरगुती कसोट्यांनी विषारी अळंबी ओळखता येत नाही.