सांदण दरी उतरलेल्यांना झायनमधील छोटी स्लॉट कॅन्यन मार्गदर्शकाविना उतरता येईल का?

तुमचा प्रश्न असा आहे की, सह्याद्रीतली सांदण दरी दोनदा उतरून झाली आहे, सध्या कामानिमित्त अमेरिकेत आहात, तर युटा राज्यातील झायन राष्ट्रीय उद्यानातली कीहोल ही स्लॉट कॅन्यन, म्हणजे खडकातली फटीसारखी अरुंद दरी, तीन मित्रांसह स्वतःच्या जबाबदारीवर उतरता येईल का. मी या भागात राहते आणि कीहोल चार वेळा उतरले आहे. माझे उत्तर होकारार्थी आहे, पण एका अटीवर: दोर बांधणे, तपासणे आणि अडकल्यास सोडवणे या तिन्ही गोष्टी येणारी निदान एक व्यक्ती तुमच्या चौघांत असली पाहिजे. सांदणमध्ये हे काम बहुधा साम्रद गावचा वाटाड्या किंवा ट्रेक नेणारी संस्था करते आणि आपण हार्नेस (कमरेला बांधायचा पट्टा) चढवून उतरतो. झायनच्या हद्दीत व्यावसायिक मार्गदर्शकाला कॅन्यनमध्ये गट नेण्याची परवानगीच नाही, त्यामुळे ते काम तिथे तुम्हालाच करावे लागेल.

कीहोल लहान आहे. सराईत गट दोन-तीन तासांत बाहेर येतो, रॅपल, म्हणजे दोराने कातळ उतरायचे टप्पे, थोडेच आहेत आणि सर्वांत मोठा सुमारे तीस फुटांचा आहे. आकडे ऐकून ती सोपी वाटते, आणि चूक नेमकी इथे होते. पहिला रॅपल संपवून तुम्ही दोर ओढून घेतला की मागे फिरण्याची वाट बंद होते, कारण दोन्ही बाजूंना पाण्याने घासून गुळगुळीत झालेले उभे कातळ असतात आणि काही ठिकाणी हात पसरले तर दोन्ही तळवे भिंतींना टेकतात. म्हणून हवामान, पाणी, थंडी आणि सोबत्यांची तयारी यांविषयीची प्रत्येक शंका दोर ओढण्याआधी बोलून संपवायची. माझ्या मते या खेळात यापेक्षा महत्त्वाचे काही नाही.

हवामानाबद्दल थोडे सविस्तर लिहिते. सह्याद्रीत आपण डोक्यावरचा पाऊस बघतो; वाळवंटात आपल्या डोक्यावर निळे आकाश असताना कित्येक मैलांवर पडलेला पाऊस कॅन्यनमधून येतो, कारण उघडा खडक पाणी जिरवत नाही आणि ते सगळे त्या एका फटीत शिरते. ऑगस्ट १९९७ मध्ये ॲरिझोनातील लोअर अँटिलोप कॅन्यनमध्ये ११ पर्यटक असेच पुरात दगावले. १४ सप्टेंबर २०१५ रोजी कीहोलमध्येच सात जणांचा संपूर्ण गट बुडाला. पुराची शक्यता त्या दिवशी आधीच जाहीर झालेली होती. त्या दुपारी जवळच्या व्हर्जिन नदीचा प्रवाह पंधरा मिनिटांत सेकंदाला ५५ घनफुटांवरून २,६३० घनफुटांवर गेला. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत तिथला मान्सून असतो; त्या काळात, विशेषतः दुपारी, मी जात नाही. पुराच्या शक्यतेचा त्या दिवसाचा अंदाज ‘अपेक्षित नाही’ याखेरीज काहीही असेल, तर परमिट हातात असूनही परत फिरावे.

आता खडकाविषयी. आपला बेसाल्ट कठीण आणि विश्वासू. झायनचा नवाहो वालुकाश्म पाणी शोषतो आणि ओला असताना ठिसूळ होतो. कडेवर वर्षानुवर्षे दोर घासून खोबणी पडलेल्या दिसतात, आणि ओढताना दोर त्याच खोबणीत अडकतो. म्हणून आमच्या गटात शेवटून दुसरी व्यक्ती खाली पोहोचली की ती दोर हातभर ओढून पाहते. तो सरकला, तरच शेवटची व्यक्ती उतरते. न सरकल्यास वर अजून एक माणूस आहे, तो गाठ कडेपासून दूर घेऊ शकतो किंवा दोराची जागा बदलू शकतो. ही अर्ध्या मिनिटाची तपासणी कुणीही टाळू नये.

अँकरला, म्हणजे दोर ज्या आधाराला अडकवतात तिथे, आधीच्या गटांनी दोरासाठी बांधलेली कापडी पट्टी लोंबकळत असते. तिच्यावर डोळे मिटून भार टाकू नका. मागच्या वर्षी एका रॅपलवर पट्टी समोरून अगदी नवी दिसत होती; बोटाने फिरवून पाठ पाहिली तर उन्हाने रंग उडून ती पापडासारखी कडक झाली होती आणि दोर ओवायच्या धातूच्या कड्यापाशी तिचे धागे सुटलेले होते. आम्ही ती कापून सोबत घेतली आणि नवी बांधली. त्यासाठी दहा-पंधरा फूट पट्टी आणि एक धातूचे कडे सोबत हवेच.

सह्याद्रीतली एक चांगली सवय इथे विचारपूर्वक वापरावी लागते. आपण दोराच्या टोकाला गाठ मारतो, म्हणजे कुणी टोकावरून घसरत नाही. पण रॅपल खोल डोहात संपत असेल तर ती गाठ डिसेंडरमध्ये (दोरावरून सावकाश उतरण्याच्या साधनात) अडकते आणि माणूस पाण्यात दोराला बांधलेला राहतो. तिथे दोराची लांबी अशी ठेवतात की टोक पाण्याला जेमतेम टेकेल आणि पोहता पोहता दोर आपोआप सुटेल.

कीहोलचा शेवट असाच आहे. शेवटच्या रॅपलनंतर अरुंद, अंधाऱ्या बोळातून पोहत जावे लागते, आणि सूर्य तळापर्यंत पोहोचत नसल्याने जूनमध्ये बाहेर अंग भाजत असतानाही ते पाणी बोटे बधिर करते. पूर्ण अंगाचा वेटसूट (पाण्यात ऊब देणारा रबरी पोशाख) घ्याच. बधिर बोटांनी कॅराबिनरचा (दोर अडकवायच्या धातूच्या कडीचा) स्क्रू फिरत नाही, हे मी एका सोबत्याच्या बाबतीत पाहिले आहे. त्याची लॉक आम्हाला उघडून द्यावी लागली.

तुमच्या जागी मी असते, तर आधी उद्यानाच्या बाहेरची एखादी कोरडी कॅन्यन प्रशिक्षकाबरोबर उतरले असते, तिथे प्रत्येक अँकर स्वतः बांधला असता, आणि मगच मे-जून किंवा ऑक्टोबरमधल्या स्वच्छ दिवसाचे परमिट काढले असते.