चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपच्या झिणझिण्या

प्रश्न : लॅपटॉप चार्जिंगला लावून त्याच्या धातूच्या कडेवर मनगट टेकवलं की झिणझिण्या येतात. चार्जर काढला की थांबतात. पलंगावर पाय वर घेऊन बसलं तर काही जाणवत नाही, खाली शहाबादी फरशीवर अनवाणी पाय असले की हमखास जाणवतं. चार्जर लॅपटॉपसोबत आलेलाच आहे, दोन पिनांचा. वायरमनने बॉडीला टेस्टर लावला तर तो पेटला. लॅपटॉप बिघडलाय का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : बहुतेक नाही. पाय वर घेतले की झिणझिण्या थांबतात, यावरून वीज लॅपटॉपच्या बॉडीतून तुमच्या अंगात आणि तिथून फरशीत उतरते आहे हे कळतं. आता ती बॉडीवर येते कशी ते पाहू.

चार्जरमध्ये २३० व्होल्टची बाजू आणि लॅपटॉपकडे जाणारी १९-२० व्होल्टची बाजू ट्रान्सफॉर्मरने एकमेकींपासून तोडलेल्या असतात. पण आतली वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असते. तिचा उपद्रव आजूबाजूच्या रेडिओ-टीव्हीला होऊ नये म्हणून या दोन बाजूंच्या मध्ये एक छोटा कपॅसिटर, म्हणजे उलटसुलट वाहणारी वीज थोडी पुढे जाऊ देणारा भाग, मुद्दाम बसवतात. त्याला वाय कपॅसिटर म्हणतात. घरातल्या ५० हर्ट्‌झच्या विजेचा अगदी थोडा अंश त्यातून पाझरतो. कपॅसिटर २.२ नॅनोफॅरडचा असेल आणि पूर्ण २३० व्होल्ट त्याच्यावर आले असं धरलं, तरी प्रवाह ०.१६ मिलिअँपिअर भरतो. दोन पिनांच्या अशा उपकरणांसाठी सुरक्षेच्या मानकांत साधारण ०.२५ मिलिअँपिअरची मर्यादा आहे. घरातली आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, ३० मिलिअँपिअरची असते, त्यामुळे या झिणझिण्यांनी ती पडणार नाही. ती पडत नाही म्हणून बिघडली असंही समजू नका.

टेस्टरच्या पेटण्यावर जाऊ नका. त्यातला निऑनचा दिवा काही मायक्रोअँपिअरवरही पेटतो. डिजिटल मल्टिमीटरने बॉडी आणि अर्थ (जमिनीशी जोडलेली तार) यांच्यामध्ये ९०-१०० व्होल्ट दाखवले तरी दचकू नका, कारण मीटर स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही. किती व्होल्ट दिसतात यापेक्षा किती प्रवाह वाहू शकतो हे महत्त्वाचं.

कोरड्या बोटाने हलकेच चोळलं की बॉडी खरखरीत लागते आणि तळहात घट्ट टेकवला की काहीच वाटत नाही, असंही तुम्हाला आढळेल. वीज त्वचेला पृष्ठभागाकडे सेकंदाला १०० वेळा ओढते आणि सोडते, त्यामुळे सरकत्या बोटाला ती थरथर कळते. पितळी होल्डरचा दिवा चालू असताना स्पर्श वेगळा लागतो, या साध्या निरीक्षणावरून मॅलिनक्रॉट या संशोधकांनी १९५३ साली याची नोंद केली. लॅपटॉपची धारदार कड आणि मनगटाची पातळ त्वचा एकत्र आली, की सगळा प्रवाह टाचणीएवढ्या जागेतून जातो आणि चिमटा बसतो. पावसाळ्यात घाम आणि ओली फरशी यांमुळे तो वाढतो.

उपाय असा. अ‍ॅडॉप्टरला वायर खोचायची जागा तीन पाकळ्यांची असेल, तर तीन पिनांची कॉर्ड घ्या. अनेक अ‍ॅडॉप्टरमध्ये हा अर्थ लॅपटॉपच्या बॉडीपर्यंत नेलेला असतो आणि झिणझिण्या तिथल्या तिथे थांबतात. खाच दोनच तारांची असेल आणि लेबलवर चौकोनात चौकोन असं चिन्ह असेल, तर तो दुहेरी इन्सुलेशनचा आहे, त्याला अर्थ देता येत नाही. मग त्याच मॉडेलसाठी कंपनीचा तीन पिनांचा अ‍ॅडॉप्टर मिळतो का पाहा. तोवर पायात रबरी चप्पल पुरते.

प्रश्न : आमचं घर जुन्या वाड्यात आहे. कॉम्प्युटरच्या सीपीयूला तीन पिनांचीच वायर आहे, तरी कॅबिनेटला हात लागला की चांगलाच चटका बसतो. एका वायरमनने सुचवलं की सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ तारेने जोडून टाकू, शॉक बंद होईल. तसं करावं का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : अजिबात करू नका. शॉक खरोखर बंद होईल, आणि म्हणूनच ही युक्ती घातक आहे. पुढे कधी बोर्डातला किंवा मीटरजवळचा न्यूट्रल ढिला होऊन सुटला, तर कॅबिनेटवर सरळ २३० व्होल्ट येतील आणि या वेळी मध्ये कपॅसिटर नसेल. बोर्डाच्या तारा कुणी उलट जोडल्या तरी तेच होईल.

तुमच्या वर्णनावरून तुमच्या सॉकेटला अर्थ नाही. सीपीयूच्या पॉवर सप्लायमध्ये फेजपासून बॉडीला एक आणि न्यूट्रलपासून बॉडीला एक असे दोन सारखे कपॅसिटर असतात. त्यांतून येणारी वीज अर्थच्या तारेने जमिनीत जावी अशी ती रचना आहे. तार तुटलेली असली की बॉडी दोघांच्या बरोबर मध्यावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, तरंगत राहते. हे कपॅसिटर चार्जरमधल्यापेक्षा मोठे असू शकतात, म्हणून चटका जास्त.

आता तपासणी. सॉकेट समोरून पाहिलं की वरचं मोठं छिद्र अर्थचं, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. फेज-न्यूट्रल २३०, फेज-अर्थ जवळजवळ तेवढेच आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत यायला हवेत. फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ दोन्ही शंभरच्या आगेमागे आले तर अर्थ तरंगतो आहे. मात्र नुसत्या मीटरवर थांबू नका. गंजलेल्या, केसभर टेकलेल्या जोडावरही मीटर २३० दाखवतो. म्हणून वायरमनकडून फेज आणि अर्थमध्ये १०० वॉटचा पिवळा बल्ब लावून घ्या. तो फेज-न्यूट्रलवर जळतो तितकाच प्रखर जळला पाहिजे. मंद जळला तर अर्थिंग कच्चं आहे. आरसीसीबी असेल तर बल्ब लावताच ती पडेल, हे चांगलं लक्षण. ही चाचणी चालू असताना घरात कुणीही फ्रिज, गिझर किंवा वॉशिंग मशीनला हात लावू नये, कारण अर्थची तार पुढे कुठे तुटलेली असेल तर बल्बमधून आलेली फेज या सगळ्यांच्या बॉडीवर चढते.

याच कारणासाठी तुमचा प्रश्न फक्त सीपीयूचा नाही. जमिनीतल्या अर्थिंगच्या खड्ड्यापासून सुटलेल्या अर्थवर गिझरची कॉइल फुटली, तर तो करंट त्याच हिरव्या तारेने तुमच्या कॅबिनेटपर्यंत येईल. तार बोर्डात सुटली आहे, मीटरजवळ कापली गेली आहे की खड्ड्यातली पट्टी गंजली आहे, हे या क्रमाने शोधायला सांगा. वाड्यात खड्डाच नसेल तर मालक आणि भाडेकरूंनी मिळून तो करून घ्यावा आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवावी. तिचं टी लिहिलेलं बटण अधूनमधून दाबून ती पडते का हे पाहत जा.

प्रश्न : रस्त्यावरून घेतलेल्या स्वस्त चार्जरला मोबाईल लावून इअरफोनवर बोललं की कानाला टोचतं. हे पण चालण्यासारखंच का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : इथे मी धोका पत्करणार नाही. हा चार्जर आजच बाजूला काढा. नकली चार्जरमध्ये वाय कपॅसिटरच्या जागी साधा कपॅसिटर टाकलेला असू शकतो. वाय प्रकार खराब झाला तरी सहसा आतून जोडला जात नाही, साधा मात्र शॉर्ट होऊ शकतो, आणि तसं झालं की २३० व्होल्ट थेट इअरफोनपर्यंत. सर्किटवर दोन्ही बाजूंमध्ये जे काही मिलिमीटर अंतर सोडायचं असतं, तेही अशा चार्जरमध्ये वाचवलेलं असतं.

नवा घेताना बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण, आयएस १३२५२ हा आकडा आणि आर ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहा. तो क्रमांक बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकला की कंपनीचं नाव येतं. ते डब्याशी जुळायला हवं.

संशय कायम असेल तर जाणत्या वायरमनकडून मोजून घ्या. चार्जरच्या यूएसबी तोंडाची धातूची कड आणि चांगला अर्थ यांच्यामध्ये १०० किलोओहम, २ वॉटचा रेझिस्टर लावायचा आणि त्याच्या दोन टोकांवर एसी व्होल्ट मोजायचे. २५ व्होल्ट म्हणजे ०.२५ मिलिअँपिअर. त्याच्या वर गेला तर चार्जर फेकून द्यावा.

प्रश्न : सेट-टॉप बॉक्सची एचडीएमआय केबल टीव्हीला लावताना ठिणगी उडते आणि बोटाला झटका बसतो.
– एक वाचक, मडगाव

उत्तर : टीव्ही, बॉक्स, स्पीकर ही सगळी दोन पिनांची उपकरणं केबलींनी एकमेकांना जोडलेली असतात, म्हणून प्रत्येकाची गळती एकत्र होते. त्यात बाहेरून आलेल्या केबलच्या आतल्या धातूच्या जाळीवर दुसऱ्या इमारतीतल्या उपकरणांची गळतीही चढलेली असू शकते. भिंतीतून येणारी जाडी केबल काढून पाहा. झटका थांबला तर केबलवाल्याला ती इमारतीत शिरते तिथे अर्थ करायला सांगा. एचडीएमआय लावताना किंवा काढताना दोन्ही प्लग आधी बोर्डातून बाहेर काढा, नुसता रिमोटने टीव्ही बंद करून चालत नाही. त्या ठिणगीने एचडीएमआयचा पोर्ट जळतो, आणि दुरुस्तीत बहुतेक वेळा अख्खा बोर्ड बदलावा लागतो.