‘समदिक्ता’ आणि तिच्याआधीचे ‘सांख्यिकीय’

विचारणा अशी आहे: आरंभीच्या विश्वाबद्दल ‘सांख्यिकीय समदिक्ता’ असा प्रयोग वाचनात येतो (समदिक्ता म्हणजे सर्व दिशांना सारखेपणा), त्यातले ‘सांख्यिकीय’ गाळले तर काय बिघडेल? माझ्या मते अर्थच बिघडेल.

विश्व सुमारे 3,80,000 वर्षांचे असताना मोकळा झालेला प्रकाश आज सूक्ष्मलहरींच्या रूपात आकाशाच्या सर्व भागांतून येतो. त्याचे सरासरी तापमान 2.725 केल्व्हिन भरते, मात्र जागोजागी त्यात लाखात एक भाग इतका फरक असल्याचे कोबे उपग्रहाच्या निरीक्षणांवरून 1992 मध्ये जाहीर झाले. म्हणजे काटेकोर अर्थाने हे आकाश समदिक् नाहीच. तपासायचे असते ते वेगळे: या चढउतारांची तीव्रता आणि त्यांचे परस्परसंबंध कोणत्याही दिशेला एकाच नियमाने चालतात का?

काचकागद हातात घेऊन पाहावा. त्यावरचे कण कसेही विखुरलेले असतात, पण कागद फिरवला तर आधी तो कोणत्या बाजूने धरला होता हे सांगता येत नाही. लाकडाच्या फळीचे तसे नाही. तिचे रेषे दिशा लगेच दाखवतात. सांख्यिकीय समदिक्ता आहे ती काचकागदाला.

ही कसोटी लावताना आपल्या गतीचा परिणाम आधी वजा करावा लागतो, कारण सूर्यमाला सेकंदाला सुमारे 370 किलोमीटर वेगाने जात असल्यामुळे पुढच्या बाजूचे आकाश किंचित उष्ण भासते. तो फरक निरीक्षकामुळे येतो, विश्वामुळे नव्हे. त्यानंतरही प्लांक उपग्रहाच्या नकाशात आकाशाच्या दोन अर्धांतील चढउतारांची तीव्रता थोडी वेगळी दिसते. तो योगायोगही असू शकेल, आणि पडताळायला दुसरे आकाश नाही.

इंग्रजीत तापमानातील फरक आणि नियमातील फरक या दोन्हींना ‘anisotropy’ हा एकच शब्द लावतात, त्यामुळे गोंधळ होतो. मराठीत पहिल्याला ‘चढउतार’ म्हणावे आणि ‘विषमदिक्ता’ दुसऱ्यासाठी राखावी, असा माझा आग्रह आहे. ‘एकजिनसीपणा’ हा पर्याय मात्र येथे चालणार नाही, कारण तो जागांच्या सारखेपणाचा शब्द आहे: सरळ, समान रेषांची फळी सर्वत्र एकजिनसी असूनही समदिक् नसते.

लेखनाबद्दल एवढेच, की ‘दिगंत’, ‘दिग्विजय’ यांत पुढच्या घोष वर्णामुळे ‘ग’ येतो. ‘त’ अघोष असल्याने येथे ‘क्’ टिकतो, म्हणून ‘समदिग्ता’ असे लिहू नये.